शेळीचे दात

भाच्याला शाळेच्या गॅदरिंगमध्ये शेळीचा रोल मिळाला. बाजारात पुठ्ठ्याचा मुखवटा शंभर रुपयांच्या आत मिळतो, ताईने तोच आणा म्हणून सांगितलेलं, पण विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे 'सीतास्वयंवर' उभं केलं त्या सांगलीत पुठ्ठ्याची शेळी स्टेजवर जाणार म्हणजे काय! त्यात मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत स्पेशल इफेक्टचे व्हिडिओ बघणारा माणूस. मेकअपचं ऑस्कर १९८२ पासून रीतसर सुरू झालं आणि पहिलंच गेलं रिक बेकरला, माणसाचा लांडगा केला म्हणून. मग शेळी काय अवघड?

आधी चेहऱ्याचा साचा. भाचा दहा मिनिटं गप्प बसणं शक्यच नाही म्हणून माझाच चेहरा घ्यायचं ठरलं (पुढे मुखवटा त्याच्या खांद्यापर्यंत आला ते सोडा). विश्रामबागेतल्या डेंटिस्ट मित्राकडून दाताचं माप घेतात ती अल्जिनेट पावडर आणली, बायकोने ती कालवून तोंडावर थापली, वरून प्लास्टरच्या पट्ट्या, फक्त नाकपुड्या उघड्या. प्लास्टर सेट होताना गरम होतं हे माहीत होतं, पण किती ते नव्हतं, आणि नेमका तेव्हाच सिलेंडरवाला आला आणि बायको पैसे सुटे करायला गेली. "साहेब आजारी आहेत का ओ?" "नाही, शेळी करतायत." पुढे तो काहीच बोलला नाही.

मग त्या साच्यातून काढलेल्या चेहऱ्यावर मातीची शेळी घडवली. त्यावर साच्यासाठी महागडं सिलिकॉन ओतलं तर दोन दिवसांनीही ते चिक्कीच्या कच्च्या पाकासारखं चिकटच. मातीत गंधक असलं की प्लॅटिनमवालं सिलिकॉन सेटच होत नाही, हे मला पैसे गेल्यावर कळलं. शेवटी प्लास्टरचा साचा आणि त्यात लॅटेक्स, म्हणजे पातळ रबर. त्याला अमोनियाचा असा वास की शेजारच्या काकू फिनेलची बाटली घेऊन दारात.

केस मात्र खरी शिक्षा. सुईने एकेक केस टोचायचा, तोही दिशा बघून, कपाळावर वर, गालावर खाली. तीन रात्रींत पेढ्याएवढा तुकडा झाला. उरलेली शेळी डिंकाने भागवली. डोळ्यांत आडवी बाहुली रंगवली, शेळीची आडवीच असते. आणि मित्राने ॲक्रेलिकची मस्त बत्तिशी करून दिली, वर-खाली पांढरीशुभ्र.

खऱ्या शेळीशेजारी धरून बघावं म्हणून हरिपूर रोडला गेलो. तिथे एक आजी शेळ्या चारत होत्या. त्यांनी मुखवटा हातात घेतला, उलटा-सुलटा केला, केसांना हात लावून "ब्येस हाय" म्हणाल्या, मी फुगलो. मग तोंडात बोट घातलं.

"आरं लेकरा, शेळीला वर फुडं दात नसत्यात की!"

आणि शेजारच्या शेळीचा ओठ वर करून दाखवला. वर नुसती हिरडी.

तेव्हा आता मित्राच्या क्लिनिकमध्ये नंबर लावून बसलोय, मांडीवर शेळी. बाजूच्या बाईंनी बराच वेळ बघून शेवटी विचारलंच, "कुठला दात काढायचाय?"

"वरचे. पुढचे सगळे."