‘कोण डाउनलोड करतंय रे?’

एका घरात चार जण आणि चौघांत मिळून एक नेट कनेक्शन असलं की हे वाक्य दिवसातून दोनदा तरी कानावर पडतंच. उत्तरही ठरलेलं. तिन्ही खोल्यांतून एकच आवाज: ‘मी नाही बाबा!’

आमच्याकडे संशय कायम एकाच माणसावर. तो गेम खेळायचा. रात्री हेडफोन लावून आरडाओरडा करायचा, म्हणजे गुन्हेगार ठरायला एवढा पुरावा पुरे. माझा व्हिडिओ कॉल अडकला की मी थेट त्याच्या दारात. ‘अरे, दहा मिनिटं बंद कर ना.’ बिचारा करायचाही. कॉल मात्र अडकलेलाच.

पुढे जरा वाचलं तेव्हा लाज वाटली. ऑनलाइन गेम खेळताना बहुतेक वेळा एक एमबीपीएससुद्धा, म्हणजे सेकंदाला दहा लाख बिटसुद्धा, लागत नाहीत. गेम उतरवताना किंवा अपडेट येताना जीबीच्या जीबी जातात, ती गोष्ट वेगळी. खेळणाऱ्याला हवा असतो कमी पिंग, म्हणजे त्याने बटण दाबल्यापासून सर्व्हरचं उत्तर येईपर्यंतचा वेळ कमीत कमी. नेट तुंबलं की घरात सगळ्यात जास्त हाल त्याचेच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मग खरा चोर कोण? तर झोपलेला माणूस. चौथा रूममेट फिरून आला होता, फोनमध्ये दोन-तीनशे व्हिडिओ. रात्री फोन चार्जिंगला लावून हा घोरत पडायचा, आणि फोन वाय-फाय आणि चार्जिंग दोन्ही मिळालं म्हणून निवांतपणे सगळे व्हिडिओ क्लाउडवर चढवत बसायचा. ‘मी झोपलो होतो रे’ हे त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

यातली गोम अशी की आपण सगळे डाउनलोडचा आकडा बघतो. स्पीड टेस्ट केली, पहिला मोठा आकडा वाचला, फोन खाली ठेवला. अनेक कनेक्शनांत अपलोड त्यापेक्षा कितीतरी कमी असतो, आणि तो भरला की डाउनलोडही रखडतं. कारण डाउनलोड करतानाही आपल्या बाजूने ‘मिळालं, पुढचं पाठव’ अशा पोचपावत्या सतत जात असतात. त्या पावत्याच व्हिडिओंच्या मागे रांगेत उभ्या राहिल्या तर समोरचा पाठवायचा थांबतो.

आणि रांग केवढी असते? साधा हिशोब करा. नेटवरून डेटा तुकड्या-तुकड्याने जातो, त्या तुकड्याला म्हणायचं पॅकेट. एक पॅकेट १५०० बाइटचं, आणि एका बाइटचे आठ बिट. राउटरने अशी १००० पॅकेटं साठवून ठेवली तर झाले १ कोटी २० लाख बिट. अपलोड १० एमबीपीएस असेल तर ही रांग संपायला १.२ सेकंद. म्हणजे कॉलवर मी ‘हॅलो’ म्हटलं की ते ‘हॅलो’ घराबाहेर पडायलाच सव्वा सेकंद. गेममध्ये तेवढ्यात माणूस दोनदा मरतो. स्पीड टेस्टचा आकडा मात्र झकास! या दुखण्याला नाव आहे, बफरब्लोट. जिम गेटिस नावाच्या अभियंत्याला ते स्वतःच्या घरच्या कनेक्शनवर सापडलं आणि २०१०च्या सुमाराला त्याने त्यावर बोंब मारायला सुरुवात केली. जास्त साठवलं म्हणजे कमी हरवेल, असं म्हणत उपकरणं बनवणाऱ्यांनी बफर, म्हणजे पॅकेटं साठवायची जागा, वाढवत नेले आणि रांगा लांबत गेल्या.

हे सगळं कळायच्या आधी मी जे केलं ते सांगतो, कारण मूर्खपणा तिथेच जास्त झाला. राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड मी माझ्याकडे घेतला. माकडाच्या हाती कोलीत. १०० एमबीपीएस, चार माणसं, प्रत्येकी २५. समान वाटणी, तक्रारीला जागाच नाही असं मला वाटलं. पहिल्याच रविवारी आम्ही तिघं बाहेर, घरी एकटा एक जण मोठी फाइल उतरवत बसलेला, त्याला २५ आणि उरलेले ७५ कोणाच्याच उपयोगाचे नाहीत. बँडविड्थ काही डब्यात भरून उद्यासाठी ठेवता येत नाही. या क्षणी वापरली नाही तर गेली. तिची कायमची वाटणी करणं म्हणजे रस्ता रिकामा असताना प्रत्येकाने आपापल्या पट्टीतूनच, तेही सायकलच्या वेगाने जायचं.

पण खरी गडबड वेगळीच झाली. अ‍ॅडमिन पानावर प्रत्येकाचं उपकरण दिसतं, किती डेटा गेला ते दिसतं, केव्हा गेला तेही दिसतं. मला बघायची सवयच लागली. एकदा सकाळी सहज बोलून गेलो, ‘काय रे, काल तीनपर्यंत जागा होतास?’ तो काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. पुढचे चार दिवस तो मोबाइल डेटावर होता. त्या नजरेनंतर मी ते पान उघडायचं बंद केलं. माझं ठाम मत त्या दिवशी झालं: चार मित्रांत एकाला नेटचा फौजदार करू नये. मी तर नकोच, दुसरा कोणी समंजस असला तरी नको.

मग न्याय करायचा कोणी? रांगेने. ही कल्पना माझी नाही, बरीच जुनी आहे. जॉन नेगल या अभियंत्याने १९८५ मध्ये सुचवलं होतं की सगळ्यांना एकाच रांगेत उभं करण्यापेक्षा पाठवणाऱ्या प्रत्येकाची रांग वेगळी करा आणि पाळीपाळीने एकेक पॅकेट सोडा. म्हणजे ज्याचं सामान थोडं त्याचं काम लगेच होतं आणि ज्याने ट्रक भरून आणलाय तो आपल्याच ट्रकामागे थांबतो. आज बऱ्याच राउटरांत एसक्यूएम (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट) नावाने ही सोय मिळते, राउटरवर टाकता येणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटी या मोफत प्रणालीमध्ये तर हमखास. आत एफक्यू-कोडेल किंवा केक या रांग सांभाळणाऱ्या दोन पद्धतींपैकी एक काम करते. मी केक निवडली, कारण ती माणशी, म्हणजे उपकरणागणिक वाटणी करू शकते. नाहीतर वाटणी जोडणीगणिक होते, मग टॉरेंटने फाइली उतरवणारा पन्नास जोडण्या उघडतो, पन्नास वाटे मागतो आणि वर ‘मी एकटाच आहे’ म्हणतो.

एक गोष्ट मनाला पटवावी लागते. मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्क्यांवर मर्यादा लावायची. हातचे दहा एमबीपीएस सोडताना जीव तुटतो, पण रांग आपल्या राउटरात राहिली तरच तिच्यावर आपला ताबा राहतो. आमच्याकडे अपलोड चालू असताना पिंग ९०० मिलिसेकंदांच्या वर जायचा, आता तीसच्या आसपास असतो. झोपलेला माणूस खुशाल झोपतो, त्याचे व्हिडिओही चढतात.

सगळं मात्र याने सुटत नाही. लांबच्या खोलीतला लॅपटॉप कमकुवत सिग्नलवर रडतरखडत बोलत असेल तर तो हवेतला वेळ खातो आणि बाकीच्यांना तिष्ठत ठेवतो. तिथे एक केबल ओढणं हाच उपाय. आणि महिन्याला ठरावीक जीबीचाच प्लॅन असेल तर वरचं सगळं विसरा. तिथे किती वापरलं याला महत्त्व आहे, हिशोब मांडावा लागणार आणि तोंड उघडून बोलावं लागणार. अमर्याद प्लॅनवर मात्र ‘तू फोरके बघतोस, तू जास्त पैसे दे’ या वादाला मला अर्थ दिसत नाही. तो बघत असताना माझा कॉल नीट चालत असेल तर माझं काय गेलं?

अ‍ॅडमिन पासवर्ड आता राउटरच्याच खाली चिठ्ठीवर चिकटवलाय, चौघांनाही ठाऊक आहे. गेमवाल्याची मी रीतसर माफी मागितली. त्याचा पिंग आता बावीसवर असतो. तरी तो हरतोच, आणि हरला की अजूनही भिंतीपलीकडून माझ्याच नावाने ओरडतो.