तुमच्या इंग्लंडात बंद केली, आम्हाला टोचली

मी इंग्लंडात लीड्सला, दादा नागपूरला. मागच्या रविवारी रात्री त्याचा व्हिडिओ कॉल, तिकडे कूलरची घरघर चालू, अर्धं ऐकू येत नव्हतं. विषय माझ्या भाचीचा. पोरगी बारा वर्षांची झाली, तिच्या डॉक्टरांनी एचपीव्हीची लस सुचवली, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची. वहिनी तयार, दादा नाही. "पैशाचं जाऊ दे गं, पण उद्या काही झालं म्हणजे? कोविशिल्डचं पाहिलं ना. तुमच्या इंग्लंडात तरुणांना बंद केली अन् आम्हाला टोचली!"

खरं सांगायचं तर हे वाक्य तो २०२४ पासून ऐकवतोय. कोविशिल्ड म्हणजे ॲस्ट्राझेनेका कंपनीचीच लस, आणि त्या वर्षी या कंपनीने इथल्या कोर्टात लेखी मान्य केलं की क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्डचा पूर आला, नाचता नाचता कोणी पडलं तरी कोविशिल्ड. पण गुठळ्यांची गोष्ट २०२१ च्या एप्रिलपासूनच उघड होती, ती लपवलेली नव्हती. मात्र दादाच्या बोलण्यात अर्धं खरं आहे हे मी कबूल करते. तेव्हा तो ३८ चा, माझा नवरा ३७ चा. ७ मे २०२१ ला इथे सांगितलं की चाळिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्या, म्हणून नवऱ्याला फायझर मिळाली. दादा त्याच महिन्यात कोविनवर स्लॉट मिळेना म्हणून पहाटे गाडी काढून नागपूरजवळच्या काटोलला गेला आणि कोविशिल्ड घेऊन आला.

मग फसवलं का त्याला? मला नाही वाटत, आणि का नाही ते नीट सांगते.

त्याच्या महिनाभर आधी, ७ एप्रिलला, इथल्या औषध नियामकांच्या पत्रकार परिषदेत केंब्रिजच्या संख्याशास्त्रज्ञांनी केलेले तक्ते दाखवले. कोरोना कमी पसरलेला असताना १६ आठवड्यांत १ लाख लोकांमागे लसीमुळे किती जण आयसीयूत जायचे वाचतील, आणि लसीमुळेच किती जणांना गंभीर त्रास होईल, एवढंच. विशीतल्यांत वाचणार ०.८, त्रास १.१. साठ ते एकोणसत्तरमध्ये वाचणार १४.१, त्रास ०.२. लस एकच पण वय बदललं की पारडं फिरतं, आणि कोरोना किती पसरलाय ते बदललं तरी फिरतं, कारण जास्त पसरलेल्या परिस्थितीचा तक्ता काढला तेव्हा विशीतल्यांतही फायदाच जास्त निघाला. आता त्या एप्रिलातलं नागपूर आठवा. मेडिकल आणि मेयो ही मोठी सरकारी हॉस्पिटलं, मेडिकलला बेड नाही, मेयोला बेड नाही, मी लीड्समध्ये बसून रात्री दोन-दोन वाजता ऑक्सिजनसाठी अनोळखी नंबर फिरवतेय. इथे रुग्ण कमी झालेले आणि फ्रीजमध्ये दुसऱ्या लसी तयार, म्हणून इथल्यांना निवड करणं परवडलं. तिथे दुसरी लस शोधत बसणं म्हणजे घराला आग लागल्यावर पाण्याचा टीडीएस मोजणं.

दादाचा राग जिथे बरोबर आहे ती जागा वेगळी. नवऱ्याला हातात पत्रक मिळालं, डोकेदुखी चार दिवसांपेक्षा जास्त राहिली तर काय करायचं ते त्यात लिहिलेलं. आपल्याकडेही मे २०२१ मध्ये आरोग्य मंत्रालयाने दहा लाख डोसमागे ०.६१ अशी गुठळ्यांची संख्या आणि लक्षणांची यादी जाहीर केली होती, नोंदी आपल्याकडे कमी होतात हे धरूनही आकडा लहानच. पण तो काटोलच्या रांगेपर्यंत पोचलाच नाही, पोचलं फक्त फोटोवालं सर्टिफिकेट! माणसाला आकडा सांगितला नाही की तो स्वतःचा आकडा बनवतो, आणि तो नेहमी मोठाच असतो.

एचपीव्हीच्या बाबतीत हे आधीच होऊन गेलंय. "त्या लसीनं मुली मेल्या होत्या ना?" दादाने हेही विचारलं. तेव्हाच्या आंध्रातलं, आता तेलंगणातलं खम्मम आणि गुजरातेतलं वडोदरा, तिथे ही लस देण्याचा २००९-१० चा प्रकल्प, सात मुली गेल्या. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध निघाला नाही, सर्पदंश, बुडून मृत्यू अशी कारणं होती. पण संमतीचे कितीतरी फॉर्म आई-बापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने सही केलेले, आणि संसदेच्या समितीने २०१३ मध्ये त्यावर चांगलंच झापलं. लोकांच्या लक्षात मात्र फक्त "मुली मेल्या" राहिलं.

इथे हीच लस २००८ पासून शाळेत देतात. माझ्या लेकीचा फॉर्म आला, मी सही केली, पोरगी घरी येऊन "हात दुखतोय" म्हणत तासभर सोफ्यावर पडली आणि मग नूडल्स खाल्ले. बारा-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या मुलींमध्ये पुढे हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी झाला, असं २०२१ चा लॅन्सेटमधला इंग्लंडचा अभ्यास सांगतो. (इथले लोक फार शहाणे आहेत असंही नाही हो, गोवराच्या लसीने ऑटिझम होतो ही थाप १९९८ मध्ये इथूनच निघाली, पेपर २०१० मध्ये मागे घेतला तरी शाळेच्या गेटवर अजून एखादी आई ती सांगतेच.)

आणि मी दादाला जे म्हटलं ते हे की माझ्या लेकीने लस नसती घेतली तरी तिला पंचविशीपासून या कॅन्सरच्या तपासणीचं पत्र घरी येणार आहे. तुझ्या लेकीला कोण पत्र पाठवणार? आपल्याकडे तिशी ते पन्नाशीतल्या शंभर बायकांत दोघींचीसुद्धा ही तपासणी कधी झालेली नाही, आणि वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो. महालातल्या आपल्या शेजारच्या मावशींना कळलं तेव्हा डॉक्टरांकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणजे हात दुखणं, एखादीला चक्कर, फार क्वचित ॲलर्जी, हा धोका लीड्सला आणि धरमपेठेत सारखाच, पण फायदा तुमच्याकडे जास्त आहे. कोविशिल्डच्या वेळी होता तसाच.

दादा गप्प. मग म्हणाला, "हाव, पण डॉक्टर हे काऊन नाही सांगत?" मी म्हटलं, विचार ना त्यांना, टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतील का, काही झालं तर फोन कुणाला करायचा, सगळं विचार.

तेवढ्यात मागून भाचीचं तोंड कॅमेऱ्यात घुसलं. "आत्या, जास्त दुखते का?"

"दुखतं गं. पण संध्याकाळी पाणीपुरी माग, बाबा त्या दिवशी नाही म्हणणार नाही."