पुढे तीन, मागे तीन

मुलगी हॉस्टेलवर राहायला गेली तेव्हा लोकांनी मला योगासनं, भिशी आणि क्रोशे सुचवलं. मी अल्जेब्रिक टोपॉलॉजी शिकायचं ठरवलं. आकार ताणला-दाबला तरी जे बदलत नाही, उदाहरणार्थ त्यातली भोकं, ते बीजगणिताने पकडायचं, असा हा गणिताचा विषय; न बदलणाऱ्या त्या गोष्टीला ‘इन्व्हेरियंट’ म्हणतात. एमएस्सीला हा विषय ऐच्छिक होता. आमच्या वर्षी तो मागणारी मी एकटीच निघाले, म्हणून वर्ग भरलाच नाही आणि मला ऑपरेशन्स रिसर्चच्या बाकावर नेऊन बसवलं. त्यानंतर पंचवीस वर्षं बारावीला इंटिग्रेशन शिकवतेय, पण ते मनात राहिलं होतं. म्हटलं, एक चांगलं पुस्तक आणायचं आणि बसायचं.

त्यातला ‘एक’ हा शब्द जरा धाडसाचाच होता.

पहिला सल्ला सगळ्यांचा सारखा: हॅचर. ॲलन हॅचर यांचं २००२ सालचं पुस्तक, पानं ५४४, आणि लेखकाने ते स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट ठेवलेलं. फुकट म्हटलं की ठाणेकराला आधी घाम फुटतो. स्टॅम्प ड्युटी फ्री, मॉड्युलर किचन फ्री, हे सगळं आम्ही घोडबंदर रोडच्या होर्डिंगांवर वाचलेलं असतं. तरी धीर करून पेन ड्राइव्ह घेतला आणि नौपाड्यात झेरॉक्सवाल्याकडे गेले.

“दोन स्पायरल लागतील मॅडम. सीएचं आहे का?”

“नाही. टोपॉलॉजी.”

“हां, म्हणजे एमपीएससी,” असं म्हणून त्याने मशीन सुरू केलं.

चौथ्या पानावर मला एक घर भेटलं. दोन खोल्यांचं, एकावर एक. वरच्या खोलीत जायचं तर घराच्या खालून शिरायचं आणि खालच्या खोलीतून गेलेल्या बोगद्यातून वर चढायचं. खालच्या खोलीत जायचं तर गच्चीवरून बोगद्यात उतरायचं. खोल्यांना एकमेकींत दार नाही. गंमत अशी, की हे एवढं भानगडीचं घर गणिताच्या दृष्टीने आकसत आकसत एका बिंदूत जातं. मातीचा गोळा घ्या, एका बाजूने बोट घालून आतून पोकळ करत जा, मग दुसऱ्या बाजूने तेच करा, की हेच घर तयार. म्हणजे मुळात तो नुसता गोळा. सासूबाईंना हे मोदकाची पारी म्हणून सांगितलं, त्यांना एका वाक्यात पटलं. मला दोन दिवस लागले होते.

नवऱ्याने चित्र उलटसुलट करून पाहिलं. “कार्पेट किती?”

“शून्य. अख्खं घर एका ठिपक्यात बसतं.”

“मग हे पझेशनला आलेलं दिसतंय.”

हॅचरांची अडचण अशी, की ते सांगतात फार गोड, पण पत्ता सांगणाऱ्या काकांसारखं: त्या वडापासून थोडं पुढे, मग उजवीकडे एक गिरणी लागेल, ती सोडा. आपण मान डोलावतो, आणि व्याख्या कुठे संपली, सिद्धता कुठे सुरू झाली हे घरी आल्यावर शोधत बसतो. हे मी डिग्री कॉलेजातल्या एका सरांना सांगितलं. ते करुणेने हसले. “हॅचर? ते गोष्टीचं पुस्तक आहे हो. स्पॅनिअर वाचा.”

स्पॅनिअर १९६६ सालचं. तिथे गोष्ट नाही, गिरणी नाही, वड तर नाहीच. सुरुवातीलाच कॅटेगरी आणि फंक्टर, म्हणजे गणिताची सगळ्यात अमूर्त भाषा. सत्यनारायणाला गेलो आणि गुरुजींनी थेट ब्रह्मसूत्रं काढली, तसं वाटलं. मी आदराने पुस्तक मिटलं. पुढे त्या सरांना विचारलं, तुम्ही कुठवर वाचलंत? म्हणाले, “आमच्या वेळी नोट्स असायच्या.”

इथे मला या क्षेत्राचा मोठा नियम सापडला. माणूस जे पुस्तक अर्ध्यात सोडतो, तेच दुसऱ्याला सुचवतो. पूर्ण वाचलेल्या पुस्तकाबद्दल त्याच्या तक्रारी असतात.

मग नावं वाचून पुस्तक निवडायला गेले आणि अजून फसले. आपल्याकडे ‘या एकदा मीठभाकर खायला’ म्हणतात आणि पानात श्रीखंड, मसालेभात आणि दोन भाज्या असतात. गणितवाले नेमके तसेच. रॉटमन यांचं ‘ॲन इंट्रोडक्शन’, फुल्टन यांचं ‘अ फर्स्ट कोर्स’, पवईच्या आयआयटीत शिकवलेल्या अनंत शास्त्रींचं ‘बेसिक’, सत्य देव यांचं ‘प्रायमर’. प्रायमर म्हणजे अंकलिपी, अशी माझी भाबडी समजूत होती. पीटर मे यांचं १९९९चं पुस्तक मात्र नावाला जागतं. नाव ‘अ कन्साइज कोर्स’, आणि खरोखरच कन्साइज. हॅचर ज्याला चार पानं आणि तीन चित्रं देतात ते मे एका ओळीत सांगतात, आणि त्या ओळीत ‘साहजिकच’ असावं असा भास होत राहतो.

एक दिवस ‘बॉट आणि तू’ हे नाव ऐकलं. मला वाटलं, सांगणारी मैत्रीण मला गळ घालतेय: बॉट असतील आणि तू असशील. तर राउल बॉट आणि लॉरिंग तू हे दोघे लेखक निघाले, १९८२चं पुस्तक, डिफरन्शियल फॉर्म्सच्या वाटेने जाणारं. ती वाट माझ्या इंटिग्रेशनच्या ओळखीची, म्हणून जीव लागला. पण आधी मॅनिफोल्ड, म्हणजे जवळून पाहिलं तर सपाट वाटणारे आकार, नीट यायला हवेत. मॅनिफोल्डसाठी एक चांगलं पुस्तक आणायला हवं. तिथे मी स्वतःला आवरलं.

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं आणि या विषयाचा पाया घालणारा फ्रेंच गणिती पॉइन्कारे यांचा लेख १८९५चा. म्हणजे गावातलं ग्रंथालय विषयाला दोन वर्षांनी थोरलं. घरात इतकं वडीलधारं माणूस असून सल्ला मी भलत्यांकडे मागत फिरत होते.

तोवर चार महिने झाले होते. मला खरं तर होमॉलॉजीपर्यंत, म्हणजे आकारातल्या भोकांच्या हिशोबापर्यंत, पोचायचं होतं. भोकं नुसती मोजत बसू नका, त्यांचे ग्रुप, म्हणजे बेरजेसारखी क्रिया आणि तिची उलट क्रिया चालते असे संच, पाहा, असं १९२०च्या दशकात जर्मन गणिती एमी नोएथर यांनी सुचवलं आणि विषयाचा चेहरा बदलला. त्या बाईंपर्यंत जायचं होतं. पण बहुतेक पुस्तकांत आधी वर्तुळाचा फंडामेंटल ग्रुप येतो, म्हणजे वर्तुळावरून कुठल्या दिशेने किती फेऱ्या मारल्या याचा हिशोब. नवं पुस्तक आणलं की पुन्हा वर्तुळ. तो ग्रुप म्हणजे पूर्णांक, हे मी पाच लेखकांकडून पाच वेळा शिकले.

त्यामुळे तेवढं मात्र पक्कं आलं, आणि त्याची झळ तलावपाळीवर नवऱ्याला बसली. डॉक्टरांनी त्याला रोज सहा फेऱ्या सांगितल्यात. तो तीन फेऱ्या कौपिनेश्वराच्या बाजूने मारतो आणि उरलेल्या तीन उलट्या, कारण एकाच दिशेने चालून त्याला म्हणे चक्कर येते.

“झाल्या सहा.”

“शून्य झाल्या.”

“म्हणजे?”

“पुढे तीन, मागे तीन. तलाव मध्ये आहे म्हणून फेरीला किंमत. पण उलटी फेरी सुलटीला खाते.”

“आणि हा घाम?”

“घाम इन्व्हेरियंट नाही.”

तो काही बोलला नाही. त्या दिवसापासून शेंगदाण्याची पुडी एकच घेतो.

सासूबाईंनी मात्र मला चकित केलं. त्यांनी पस्तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला. हॅचर सुरुवात जाड टायपातल्या इंग्रजी अक्षरांपासून करतात: जाड अक्षर आकसून बारीक रेघेचं झालं तरी त्यातली भोकं तेवढीच राहतात. हे ऐकून त्या म्हणाल्या, “त्यात काय नवीन? ‘म’चं डोकं रेघेने बंद, ‘भ’चं उघडं. पोरं रेघ जोडून टाकायची आणि ‘भाऊ’ची ‘माऊ’ व्हायची. ‘धार’ची ‘घार’ व्हायची. मी त्यांना सांगायचे, अक्षर वाकडं आलं तरी चालेल, फट बुजवू नका.”

एवढा स्वच्छ पहिला धडा मला आठ पुस्तकांत मिळाला नव्हता. ‘म’च्या खालच्या गाठीला भोक धरायचं की नाही, यावर मात्र आमचं अजून एकमत नाही. त्या म्हणतात, बोरू कसा आहे त्यावर.

शेवटी मी हॅचरकडे परत आले. घर सोडून पुढे गेले, सत्तराव्या पानावर आहे. परवा अभ्यासाच्या वह्या घ्यायला झेरॉक्सवाल्याकडे गेले, तर तो म्हणाला, “मॅडम, तुमचं ते दोन स्पायरलवालं इथे पडलं होतं ना, ते बघून एक काका स्वतः पीडीएफ घेऊन आले. रिटायर झालेत. काल परत आले होते, विचारत होते यापेक्षा बरं काही असतं का. काय सांगू?”

मी चष्मा नाकावर सरकवला. का कोण जाणे, चेहऱ्यावर थोडी करुणाही आली.

“त्यांना म्हणावं, हॅचर म्हणजे गोष्टीचं पुस्तक. स्पॅनिअर वाचा.”