आई दाखवा म्हणणं म्हणजे दलाली नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गेल्या आठवड्यात ‘पिल्लू घेण्याआधी त्याची आई बघा’ हा लेख मी इथे लिहिला. त्यावर ‘श्वानमित्र’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली. लांबलचक आहे आणि तिखटही आहे. रागाच्या भरात लिहू नये म्हणून दोन दिवस गप्प बसले. आज लिहितेय, पण राग पुरता ओसरलाय असं म्हणणार नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. श्वानमित्रांचं म्हणणं असं की रस्त्यावर इतकी कुत्री बेवारस फिरत असताना ब्रीडरकडून, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याकडून, पिल्लू घ्या असं सांगणं म्हणजे ब्रीडरची दलाली. पग आणि हस्कीसारख्या जातींचे आपल्याकडे जे हाल होतात त्यावर मी अवाक्षर काढलं नाही. कायदा नुसता कागदावर आहे. मी लेखात ‘दीड-दोन महिन्यांचं पिल्लू’ लिहिलं ते चूक आहे. आणि शेवटचं वाक्य त्यांच्याच शब्दांत देते : ‘ज्यांना जिवाची किंमत रुपयांत मोजता येते, त्यांनी जबाबदार हा शब्द तरी तोंडात घेऊ नये.’

आधी चूक कबूल करते. ‘दीड-दोन महिन्यांचं’ हे मी सैलपणे लिहिलं. 2017 साली केंद्र सरकारने श्वानप्रजनन आणि विक्रीचे नियम आणले. त्यानुसार आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू विकता येत नाही. दीड महिना म्हणजे सहा आठवडे, आणि त्या दोन आठवड्यांत फार काही होतं. पिल्लू आईचं दूध पूर्ण सोडतं. भावंडांशी मारामारी करताना किती जोरात चावलं की समोरचा कळवळतो हे त्याला कळतं. जास्त माज केला की आई गुरकावून जागेवर बसवते. हे शिक्षण माणसाच्या घरात कुणी देऊ शकत नाही. चूक दाखवून दिलीत त्याबद्दल आभार. लेखातली ती ओळ मी बदलली आहे.

आता ‘दलाली’. दलाल म्हणजे व्यवहार जुळवून मधल्या मध्ये पैसे घेणारा. लेखात मी एकाही ब्रीडरचं नाव दिलेलं नाही, फोन नंबर दिलेला नाही. मागितला तरी देत नाही, खाली कमेंटमध्ये तिघांनी मागितला होता, तिघांनाही नकार दिलाय. तुम्ही त्या कमेंट वाचल्याच असतील, कारण तुमची कमेंट त्यांच्याच खाली आहे. तरीही हा शब्द तुम्ही वापरलात. बावीस वर्षं बँकेत काउंटरवर बसले, लोकांची बोलणी खाल्ली, पण पैशांच्या बाबतीत बोट दाखवायची कुणाची हिंमत झाली नाही. टोपणनावाआड बसून ती करणं सोपं असतं.

पण मला लागलं ते शेवटचं वाक्य. जिवाची किंमत रुपयांत. तर ऐका.

2011 साली मीही तुमच्यासारखीच शहाणी होते. मला वाटायचं, पिल्लू ते पिल्लू, कुठून आणलं याने काय फरक पडतो. पुण्यातल्या एका दुकानातून लॅब्रेडॉरचं पिल्लू आणलं. काचेच्या खोक्यात चार पिल्लं एकमेकांच्या अंगावर झोपली होती. दुकानदार म्हणाला, साठ दिवसांचं आहे, दोन डोस झालेत, काही बघायचं नाही. आई कुठे आहे असं विचारायचं मला सुचलंही नाही. मुलगा आठ वर्षांचा होता, त्याने पिल्लू शर्टात घातलं आणि आम्ही घरी आलो. सोन्या नाव ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सोन्याने खाणं टाकलं. पांढऱ्या फेसाची उलटी झाली. संध्याकाळपर्यंत रक्ताचे जुलाब सुरू झाले आणि एक असा वास घरात भरला की ज्यांनी तो घेतलाय त्यांना सांगायची गरज नाही. पार्व्हो, पिल्लांचा जीव घेणारा विषाणूचा आजार. डॉक्टरांनी पुढच्या पायाचे केस काढून सलाईन लावलं. मग त्याचं तोंड उघडून दातांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “ताई, दाढा पुरत्या आलेल्या नाहीत. हे पिल्लू पाच आठवड्यांच्या वर नाही.” मी पर्समधून लसीचं कार्ड काढून दिलं. डॉक्टरांनी ते उजेडात धरलं. पहिल्या डोसची तारीख आम्ही पिल्लू आणलं त्याच्या बरोबर चार आठवडे आधीची होती. स्टिकर चिकटवलेला, खाली शिक्का फासलेला, नाव वाचता येत नव्हतं. म्हणजे लस टोचली म्हणतात त्या दिवशी सोन्या आठवड्याचाही नव्हता. कुत्र्याच्या पिल्लाचे डोळे उघडायलाच दहा-बारा दिवस लागतात. डोळे मिटलेल्या पिल्लाच्या नावावर कुणीतरी लस लिहून ठेवली होती.

पाचव्या रात्री तो गेला. माझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेला होता, मांडीवर. वजन इतकं कमी झालं होतं की गेला ते मला लगेच कळलंही नाही. नंतर आठवडाभर मी ब्लीचच्या पाण्याने फरशी पुसत होते, कारण हा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो आणि साध्या फिनाइलला दाद देत नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं की लसीकरण पुरं न झालेलं पिल्लू इतक्यात या घरात आणायचं नाही. मुलगा महिनाभर त्या साडीबद्दल विचारत होता. ते कार्ड अजून माझ्या कपाटात आहे.

तेव्हा जिवाची किंमत मला कळत नाही हे तुम्ही मला सांगू नका. ती मी त्या मांडीवर मोजली आहे. ‘जबाबदार’ हा शब्द मी कुठल्या जाहिरातीतून उचललेला नाही. बेजबाबदार माणसाच्या हातून आलेलं पिल्लू माझ्या हातात मेलं, म्हणून मला त्या शब्दाचा अर्थ समजला.

आणि रुपयांचंच बोलायचं तर माझ्या वडिलांचं सांगते. आमचं गाव जत तालुक्यात. वडिलांकडे कायम कारवान जातीचा कुत्रा असायचा. उंच, सडपातळ, छाती खोल आणि पोट आत गेलेलं. सीमेपलीकडे कर्नाटकात यालाच मुधोळ हाउंड म्हणतात. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यातलं एक याचं. वडिलांना पिल्लू हवं असलं की ते धनगरवाड्यावर तीन-चार संध्याकाळी नुसते जाऊन बसायचे. कुत्री व्यालेली असायची, तिच्याकडे बघत बसायचे. अनोळखी माणूस आला की ती काय करते, खायला टाकल्यावर पिल्लांना ढकलते की वाट देते, हे बघायचे. मालकाला विचारायचे, हिचं हे कितवं वेत? नर कुणाचा? त्याला कधी फिट आली होती का? सगळं पटलं तर नारळ आणि शर्टपीस द्यायचे आणि पिल्लू आणायचे. नाही पटलं तर हात हलवत परत. पैसे नव्हते म्हणून तो व्यवहार पवित्र, आणि मी पैसे दिले म्हणून माझा पापी, असं कसं होईल? विचारले जाणारे प्रश्न तेच आहेत. माझ्या लेखात मी वडिलांचेच प्रश्न लिहिले आहेत, फक्त नारळाच्या जागी पावती आली.

सोन्यानंतर सहा वर्षं मी पिल्लाचं नाव काढलं नाही. मग सासवडच्या बाजूला एका गृहस्थांकडे गेले. त्यांनी पिल्लू दाखवायच्या आधी मला बसवून विचारलं. दिवसभर घरी कोण असतं? कितवा मजला? लिफ्ट बंद पडली तर? आधीचं कुत्रं कशाने गेलं? मी पार्व्हो म्हटल्यावर त्यांनी किती वर्षं झाली ते विचारलं, फरशी कशाने धुतली तेही विचारलं. त्यांनी गौरीच्या, म्हणजे त्यांच्या कुत्रीच्या, कमरेचा एक्स-रे खिडकीच्या काचेला धरून दाखवला. तिच्या वयाची दोन वर्षं झाल्यावर काढलेला. लॅब्रेडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचा जो दोष येतो तो बराचसा वंशातून उतरतो, आणि पिल्लाकडे नुसतं बघून तो कळत नाही, आई-बापाकडे बघावं लागतं. नराचाही एक्स-रे होता. गौरी स्वतः येऊन माझा हात हुंगून गेली. व्याल्यामुळे वाळली होती, आचळं लोंबत होती, पण अंगावर एक जखम नव्हती आणि मालक उठला की शेपूट हलत होती. हे तिचं दुसरं वेत, तिसरं झालं की नसबंदी करणार म्हणाले. नियमाने पाच वेतांची मर्यादा आहे, अठरा महिन्यांच्या आत कुत्रीला नर दाखवायचा नाही असंही आहे. ते मर्यादेच्या कितीतरी अलीकडे थांबले होते.

आणि त्या दिवशी मला पिल्लू मिळालंच नाही. “या वेतातली सगळी सांगून ठेवलीत, पुढच्या वेळी बघू,” एवढंच म्हणाले. मी दहा महिने थांबले. 2018 मध्ये मैना घरी आली, आठ आठवडे आणि चार दिवसांची. सोबत गौरीच्या अंगाला पुसलेलं एक फडकं होतं, पहिल्या रात्री तिच्याजवळ ठेवायला. एका कागदावर सही घेतली की कधी सांभाळणं जमलं नाही तर कुत्री दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, त्यांच्याकडेच परत आणायची. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन, जेवली का? सोळाव्या आठवड्यापर्यंतचे सगळे डोस पूर्ण करा म्हणून दोनदा आठवण केली. चिकापासून आलेली आईची प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असते तोवर लस नीट लागू पडेलच असं नसतं आणि ती कधी उतरेल ते प्रत्येकाचं वेगळं, म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, हे मला आधी त्यांनी समजावलं आणि मग डॉक्टरांनी. दुकानदाराचं ‘दोन डोस झालेत, काही बघायचं नाही’ आठवून मला तेव्हा भरून आलं.

हो, मी त्यांना पैसे दिले. साधारण त्रेसष्ट दिवसांची गर्भार कुत्री, पुढे आठ आठवडे दिवसरात्र पिल्लांचं करणं, जंताचं औषध, लस, एक्स-रे, आणि गौरीचं त्या वेळी सिझेरियन झालं होतं, त्याचा खर्च. हे सगळं कुणी फुकट करावं अशी तुमची अपेक्षा असेल तर ती तुमची. माझी नाही.

कायदा कागदावर आहे म्हणता. असेल. पण राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी आहे का, असं विचारणारं गिऱ्हाईकच नसेल तर तो कागदावरच राहणार. मी लोकांना तेवढंच विचारायला सांगितलं. केनेल क्लबचं सर्टिफिकेट म्हणजे वंशावळीची नोंद, ती तब्येतीची हमी नव्हे, हेही मी लेखात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही.

पग आणि हस्कीबद्दल : तो वेगळा विषय आहे, माझा लेख त्यावर नव्हता. एका लेखात सगळं येत नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल मला शिकवू नका, एवढंच म्हणते. आमच्या सोसायटीच्या गेटवर चार आहेत. चौघांची नसबंदी झालेली आहे, त्यातल्या दोघींची मी स्वतः रिक्षात घालून नेऊन करून आणली. रेबीजची लस त्यांना दरवर्षी टोचून घेते. उन्हाळ्यात पाण्याचं घमेलं मी भरते, आणि त्यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी काय काय ऐकून घेतलंय ते इथे लिहीत नाही. दत्तक घेऊ नका असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ज्यांचं दत्तक घ्यायचं ठरलंय त्यांच्यासाठी तो लेख नव्हताच. जे येत्या रविवारी काचेच्या खोक्यासमोर उभे राहणार आहेत, त्यांच्यासाठी होता. तुमच्या प्रतिक्रियेत त्यांच्यासाठी एकही ओळ नाही. त्यांना नुसतं रागावून काय होणार? ते दुकानात जातील आणि सोन्यासारखं पिल्लू घेऊन येतील.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. बदललेली ओळ आता अशी आहे : ‘पिल्लू पूर्ण आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय घरी आणू नका, आणि विकणाऱ्याने लवकर न्या म्हटलं तर तिथून उठा.’ ती तुमच्यामुळे सुधारली हे लेखाखाली लिहिलं आहे. ‘दलाली’ हा शब्द मात्र तुम्ही मागे घ्यावा, अशी माझी अपेक्षा आहे.