एस्टिमेट मागून हॉस्पिटलला लाजवू नका

पेशंटला ॲडमिट करताना "साधारण खर्च किती येईल?" असे विचारायची बहुतेक नातेवाइकांना खोड असते. राहवतच नसेल तर तोंडी विचारा आणि उत्तरही तोंडीच घ्या. "लाख-सव्वा लाख धरून चला" एवढे ऐकले की समाधान मानावे. खोलीचा वर्ग, अंदाजे दिवस, सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ओटी (ऑपरेशन थिएटर), शरीरात बसवायचे इम्प्लांट, औषधे असे रकाने पाडून लेखी एस्टिमेट सही-शिक्क्यासह घेतले, तर पुढे बिल नेमके कुठे फुगले ते तुम्हाला कळेल. कळून उगाच बीपी वाढायचे.

'पॅकेज' म्हटल्यावर तर निर्धास्तच व्हा. पॅकेजमध्ये काय धरलेले नाही, हे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे. इम्प्लांट वेगळे, ठरलेल्या दिवसांपुढचा मुक्काम वेगळा, गुंतागुंत झाली तर तिचा खर्च वेगळा, दुसऱ्या तज्ज्ञाला बोलावले तर त्यांची व्हिजिट वेगळी. हे सगळे डिस्चार्जच्या दिवशी आपोआप समजतेच, घाई कशाला?

रिसेप्शनजवळ दरफलक दिसला तर नजर वळवा. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणीच्या 2021च्या सुधारित नियमांनी तो दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आहे. सोबत रुग्ण हक्कांची सनदही लागते. समोर मोठी कुंडी ठेवली असेल, तर ती हलवू नका. फोटो तर मुळीच काढू नका. खाटेचे भाडे, आयसीयू, ऑक्सिजन यांचे दर मोबाइलमध्ये असले की बिलाशी ताडून बघायचा मोह होतो.

खोली निवडताना मात्र मन मोठे ठेवा. "एवढी पॉलिसी आहे, मग डिलक्सच घेऊ." समजा पॉलिसी 5 लाखांची आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा 1 टक्का, म्हणजे रोज 5,000. तुम्ही 8,000ची खोली घेतली. चार दिवसांचे जादा 12,000 खिशातून जातील, एवढाच हिशेब बहुतेक लोक करतात. पण सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, नर्सिंग, व्हिजिट मिळून 1,60,000 झाले असतील, तर विमा कंपनी त्यातलेही 8,000ला 5,000 याच प्रमाणात, पाच-अष्टमांश म्हणजे 1,00,000च देणार. उरलेले 60,000 तुमचे. शिवाय 5,000च्या वरच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी, म्हणजे रोजचे 400. तेच अपेंडिक्स, तेच टेबल, तोच सर्जन. फी मात्र पेशंट कुठल्या मजल्यावर झोपतो त्यावरून ठरते. औषधे, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू यांना ही कात्री लावता येत नाही, आणि खोलीनुसार दर न बदलणाऱ्या हॉस्पिटलमध्ये तर ती चालतच नाही, असे विमा नियामकाने सांगून ठेवले आहे. टीपीए, म्हणजे विम्याचे दावे हाताळणारी मध्यस्थ संस्था, तिच्या डेस्कवर हे काढू नका. बिचाऱ्यांच्या टेबलावर आधीच फायलींचा ढीग असतो.

औषधांच्या बाबतीत सिस्टरने चिठ्ठी दिली की खाली जा, पिशवी आणा, वर द्या. पिशवी उघडू नका. ग्लोव्हज किती जोड आले, किती वापरले, सलाइनचे सेट किती उरले, हे बघणे कोत्या मनाचे लक्षण. उरलेला माल परत करता येतो, पण त्यासाठी रिटर्नची नोंद करून घ्यावी लागते आणि ती अंतिम बिलात वजा झाली का, हेही बघावे लागते. एवढी दगदग कोण करणार? बाहेरच्या मेडिकलमध्ये तोच घटक असलेले इंजेक्शन स्वस्तात मिळते, हे डोक्यातून काढून टाका. आतल्या दुकानातूनच औषधे घेण्याची सक्ती करता येत नाही, पण "बाहेरचे आणले तर जबाबदारी तुमची" हे वाक्य तिथल्या प्रत्येकाला पाठ असते.

आणि हॉस्पिटल लुटते, असा आरोप करू नका. ते छापील किमतीलाच विकते, तक्रारीला जागाच नाही. आता किंमत छापतो उत्पादक, खरेदी करते हॉस्पिटल आणि भरता तुम्ही, त्यामुळे छापील आकडा जितका मोठा, तितका मधल्याचा फायदा. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने 2018मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी हॉस्पिटलांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवर 1,737 टक्क्यांपर्यंत नफा निघाला. सगळे अगदी एमआरपीच्या आत.

सरकारने दर बांधले तरी मार्ग असतोच. मे 2020मध्ये राज्याने कोविडसाठी रोजचे 4,000, आयसीयूचे 7,500 आणि व्हेंटिलेटरसह 9,000 असे दर ठरवले. पीपीई किट त्यात धरलेले नव्हते. मग काय, बिलात खाटेपेक्षा किटच ठळक दिसू लागले.

मुक्काम वाढला तर वही ठेवू नका. कोणते डॉक्टर कधी आले, किती वाजता आयसीयूतून वॉर्डात हलवले, ऑक्सिजन कधी काढला, हे लिहून ठेवणारा नातेवाईक बिलिंगवाल्यांना डोकेदुखी वाटतो. त्याला एकाच दिवसाचे आयसीयू आणि वॉर्ड अशी दोन भाडी दिसतात, डॉक्टर गावाला गेलेल्या रविवारची व्हिजिट सापडते. रोजचे इंटरिम बिलही मागू नका. एकदम शेवटी, पेशंट कपडे बदलून खुर्चीत बसलेला असताना, बावीस पानांचे बिल हाती पडू द्या. त्या अवस्थेत कोणी तिसऱ्या पानापुढे जात नाही.

त्यातही 'इतर', 'मिसलेनियस', 'हॉस्पिटल सर्व्हिस चार्ज' या ओळींवर बोट ठेवू नका. कॅशलेसचे अंतिम उत्तर विमा कंपनीने तीन तासांत द्यायचे आणि उशीर झाल्यास हॉस्पिटलचा जादा आकार तिनेच सोसायचा, असा 2024चा नियम आहे. तुम्ही आपले संध्याकाळपर्यंत बाकावर बसा. बिलासाठी पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही, हेही सनदेत आहे, पण ती कुंडीमागे राहिली.

हॉस्पिटल धर्मादाय असेल तर पाटीवर लिहिलेला 'ट्रस्ट' हा शब्द वाचून पुढे चला. तिथे 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड घेऊन ॲडमिशनच्या वेळीच समाजसेवा विभागात जावे लागते. डिस्चार्जच्या दिवशी आठवले तर हॉस्पिटलला फारच सोयीचे.

घरी आल्यावर कोणी ग्राहक आयोगाचे नाव काढेल. 5 लाखांपर्यंतच्या बिलाला तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. कागद मात्र लागतात: तपशीलवार बिल, पावत्या, एस्टिमेट, केस पेपरच्या प्रती. लेखी अर्ज केला की डॉक्टरांनी 72 तासांत या प्रती द्यायच्या असतात. म्हणून अर्ज करूच नका, आणि केलाच तर पोच घेऊ नका.