डार्क वेबपेक्षा आधी हे शिकवा

शस्त्रांच्या ऑनलाइन तस्करीबाबत पोलिसांच्या प्रशिक्षणात टॉर (ओळख लपवणारं ब्राउझर) आणि डार्क वेब (साध्या ब्राउझरने न उघडणाऱ्या साइट्स) यांवर भर हवा, असं एका लेखात म्हटलंय. पण तपास फसतो तो बहुतेकदा फार साध्या ठिकाणी. जाहिरात दिसली की अधिकारी मोबाइलवर स्क्रीनशॉट काढतो आणि झालं! त्यात पूर्ण लिंक नसते, वेळ कुठल्या टाइमझोनची ते कळत नाही, हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा डिजिटल ठसा) काढलेला नसतो. बचाव पक्षाला एवढं पुरतं. विक्रेत्याचं दिसणारं नाव बदलतं, म्हणून खात्याचा अंकी आयडी टिपायचा. पैसे घेणाऱ्या क्रिप्टो वॉलेटचा पत्ता हाताने उतरवायचा नाही, मजकूर म्हणून कॉपी करायचा. एक अक्षर चुकलं की माग संपला. आणि सगळ्यात आधी, जाहिरात ज्या साइटवर आहे त्या कंपनीला डेटा जपून ठेवण्याची विनंती. सायबर गुन्ह्यांवरच्या आंतरराष्ट्रीय बुडापेस्ट करारात त्यासाठी कमाल ९० दिवस आहेत, मुदतवाढ मागता येते. पण पोस्ट उडाल्यावर जागं होऊन काय उपयोग?

दुसरी उणीव खुद्द शस्त्राच्या ओळखीची. मॉडेल क्रमांक किंवा पेटंट क्रमांकच सिरियल नंबर म्हणून नोंदवला जातो, आयातीचा शिक्का कुणी बघतच नाही. मग इंटरपोलच्या आयआर्म्स या बेकायदा शस्त्रांच्या नोंदींच्या डेटाबेसमध्ये शोध घेतला तरी हाती काही लागत नाही. २०१६ च्या म्युनिक हल्ल्यातलं ग्लॉक १७ डार्क वेबवरून घेतलेलं, निकामी करून पुन्हा चालू केलेलं होतं. अशा शस्त्रावर निकामी केल्याच्या खुणा कुठे असतात, हे प्रत्यक्ष हाताळूनच कळतं, स्लाइड बघून नाही. बाकी बऱ्याच जाहिराती निव्वळ फसवणुकीच्या असतात. फोटोचा उलट शोध घेतला (तोच फोटो नेटवर आधी कुठे आलाय ते पाहिलं) तरी निम्मी धावपळ वाचेल.