हानी सिद्ध होईपर्यंत थांबायचं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नशेसाठी विकल्या जाणाऱ्या नव्या रसायनांवर बंदी कधी घालावी, यावर ‘गोव्यातल्या वागातोरच्या पार्टीत सापडलं म्हणून रसायन विष ठरत नाही, हानी सिद्ध होण्याआधीच बंदी म्हणजे मनमानी,’ असं तुम्ही लिहिलंत.

निम्मं मान्य. तुमच्या बाजूचा दाखला मीच देतो. मार्च २०१० मध्ये इंग्लंडात दोन तरुण दगावले. मेफेड्रोन या कृत्रिम उत्तेजक नशेमुळे, अशी बोंब झाली आणि एप्रिलमध्ये बंदीही आली. रक्ततपासणीत मात्र निघालं मेथाडोन, म्हणजे अफूच्या वर्गातलं वेगळंच औषध!

पण वाट पाहायची म्हटली, तर पुरावा आणणार कोण? पुडीतल्या रसायनाची माणसांवर रीतसर चाचणी कुणी करत नाही. कळतं ते बांबोळीच्या सरकारी इस्पितळात रुग्ण आल्यावर, तेही नमुना वेळेत घेतला तर. लघवीची नेहमीची पट्टी मेफेड्रोन सहसा पकडत नाही. जागेवरच्या तपासणीत मार्क्विस या रंग बदलणाऱ्या द्रावणाने एमडीएमए (एक्स्टसी) जांभळट काळं होतं, मेफेड्रोनला तो रंग येत नाही. ३-एमएमसी हे दुसरं नशेचं रसायन तर मेफेड्रोनचाच समघटक: रेणूचं वजन तेच, फक्त मिथाइल गटाची जागा वेगळी. दोन्ही नक्की वेगळे ओळखायला प्रयोगशाळेकडे तुलनेसाठी शुद्ध संदर्भ-नमुना लागतो. तो मिळेपर्यंत बनवणारा पुढच्या रेणूकडे सरकलेला असतो.

आपला १९८५ चा अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदाही सिद्ध झालेली हानी मागत नाही. कलम ३ प्रमाणे केंद्राला गैरवापराला ‘वाव’ दिसला तरी पुरतं. तरीही मेफेड्रोन आपल्या यादीत आलं २०१५ मध्ये. म्हणजे आपल्याकडे दुखणं घाईचं नाही, उशिराचं आहे.

मला ब्रिटनचा २०११ पासूनचा तात्पुरत्या बंदीचा आदेश पटतो. मुदत जास्तीत जास्त १२ महिने. विक्री, आयात, उत्पादन गुन्हा. स्वतःपुरतं जवळ बाळगणं गुन्हा नाही, मात्र पोलीस माल जप्त करू शकतात. त्या वर्षात तज्ज्ञांनी पुरावा तपासायचा. धंदा थांबवायला शंका पुरे, माणूस तुरुंगात घालायला नाही.

आपल्याकडे ही मधली पायरीच नाही. यादीत नाव आलं की थेट शिक्षा ठरवणारा वजनाचा तक्ता: मेफेड्रोन २ ग्रॅमपर्यंत अल्प, ५० च्या वर व्यावसायिक. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या हिरा सिंग निकालाने भेसळीचं वजनही धरलं जातं. म्हणजे ६० ग्रॅम भुकटीत मेफेड्रोन जेमतेम ६ ग्रॅम असलं, तरी किमान १० वर्षं, आणि कलम ३७ मुळे जामीनही अवघड. मनमानी म्हणायचीच तर ह्याला म्हणा, तिथे मी तुमच्याबरोबर आहे.